दोन पट्ट्यांमधली जागा

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या स्टुडिओचे दरवाजे बंद केले. ते पुढची तीन दशकं बंदच राहिले. १९७१नंतर कुठे हळूहळू किलकिले झाले. बंदीमागचा युक्तिवाद संगीताच्या अभ्यासकांना पाठ आहे. पेटीत सप्तकाचे बारा समान तुकडे पाडलेले असतात, आपले सूर त्या तुकड्यांवर नेमके बसत नाहीत, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसल्यामुळे मींड निघत नाही. आक्षेप खराच होता. तरी महाराष्ट्राने तो फारसा मनाला लावून घेतला नाही. नाटकमंडळ्यांत पायपेटी घुमत राहिली, गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत स्वतःच्या पायावर उभं केलं, पु. ल. देशपांडे आयुष्यभर पेटीच्या प्रेमात राहिले. वाद्याचा दोष मान्य करायचा आणि त्याच्याशी झटत वाजवायचं, ही सवय इथल्या कानाला जुनीच आहे. हा वाद इथे आठवायचं कारण असं, की इलेक्ट्रॉनिक आणि रॉक या दोन प्रांतांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे उत्तम संगीत नव्याने कानावर आलं, त्याच्याकडे जायला याहून चांगली वाट मला दिसत नाही.

गिटारला पडदे असतात आणि ते दांडीत ठोकून पक्के केलेले असतात. सिंथेसायझरला पेटीसारख्याच पट्ट्या असतात. ताल वाजवणाऱ्या यंत्रात आवर्तनाची सोळा घरं आखलेली असतात. ठोका घरात पडतो किंवा पडत नाही, घराच्या उंबऱ्यावर तो पडू शकत नाही. आज कानावर पडणारं बहुतेक ध्वनिमुद्रित संगीत या आखणीच्या आत सुखाने नांदतं, कारण यंत्रं तशीच बनतात आणि संगणकावरची आज्ञावलीही तशीच लिहिली जाते. माझं म्हणणं एवढंच आहे, की या काळातल्या ज्या तबकड्या मी कुणालाही आग्रहाने ऐकायला सांगेन, त्यांतल्या जवळपास प्रत्येकीत कलावंताचं आपल्या यंत्राच्या आखणीशी भांडण झालेलं आहे. ते भांडण कानाला ऐकू येतं, आणि तिथेच ते संगीत नवं वाटतं. वर्ष कोणतं आणि शैलीचं नाव काय, या गोष्टी त्यापुढे दुय्यम ठरतात.

म्हणून पहिली शिफारस १९८२च्या तबकडीची. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत ते वाजवत. परदेशातून आणलेली तीन जपानी यंत्रं त्यांच्यापाशी होती: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही चंदेरी रंगाची छोटी पेटी. तिन्ही रोलँड कंपनीची. त्यांवर त्यांनी भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी एचएमव्हीने काढली आणि ती कुणाच्या लक्षातही आली नाही. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत सापडली, २०१०मध्ये त्यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि युरोपातले श्रोते चक्रावून गेले. शिकागोत १९८७च्या सुमाराला ज्या आवाजाने ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार जन्माला घातला, तोच चिकट, वळवळणारा, ओल्या मातीत पाय रुतावा तसा आवाज या तबकडीत पाच वर्षं आधी होता. सिंग यांना उतारवयात परदेशी महोत्सवांतून बोलावणी येऊ लागली. २०१५मध्ये ते मुंबईत वारले.

या कथेचा एक उतावळा अर्थ काढला जातो, की ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला. तो मला मान्य नाही. शिकागोतल्या त्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती याला काही आधार नाही. खरी हकिगत याहून रंजक आहे आणि ती यंत्राच्या पोटात आहे. टीबी-३०३ बनवली गेली ती एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून. तो आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता, त्यामुळे यंत्र खपेना, आणि १९८४पर्यंत कंपनीने उत्पादन थांबवलं. पण त्यात एक सोय होती: एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाण्याची. शिवाय आवाजाची धार कमी-जास्त करणारी बटणं वाजता वाजता हाताने फिरवता येत. रागसंगीताचा कान असलेल्या माणसाला घसरण दिसली की मींडच आठवणार, आणि स्वस्तात मिळालेलं जुनं यंत्र हाताळणाऱ्या शिकागोच्या मुलांना त्याच बटणांत नाचाची नशा सापडणार. एकाच नापास यंत्राच्या एकाच गुणावर दोन ठिकाणी, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची बोटं पडली. शास्त्रीय संगीताचा जाणकार इथे म्हणेल, की ही मींड नव्हेच. यंत्राची घसरण ठरावीक वेगाची असते, गळ्याची मींड मध्येच रेंगाळते, श्वास घेते. त्याचं बरोबर आहे. या तबकडीत ललत शोधायला गेलं तर हाती सांगाडा लागतो. पण सांगाड्यावर मांस चढवायला यंत्र नकार देत असताना वादक ते कुठून कुठून मिळवतो, याकडे कान दिला तर मेघमल्हार आणि मधुवंती पुन्हा पुन्हा ऐकाव्याशा वाटतात. एक व्यवहाराची सूचना: हे संगीत मोबाइलच्या भोंग्यावर ऐकू नये. त्याचा अर्धा जीव खर्जात आहे आणि तो भोंगा खर्ज गिळून टाकतो.

सिंग यांच्याही आधीचं एक दालन अलीकडेच उघडलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला आणि तीनेक वर्षं तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ चालला. लंडनमधले कलावंत पॉल पर्गस यांनी संस्थेच्या संग्रहातून त्या काळच्या फिती शोधून काढल्या, आणि २०२३मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ हा संच निघाला. त्यात गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांच्या रचना आहेत. गीता साराभाई या तर मृदंग शिकलेल्या विदुषी. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीत समजावून देणाऱ्या. मूगचं बटण फिरवलं की सूर खालपासून वरपर्यंत अखंड सरकतो. त्याच्या मुळाशी पट्ट्या नाहीतच, पट्ट्या वरून जोडलेल्या आहेत. या फितींतले कलावंत ते यंत्र एखाद्या अनोळखी जनावराला चुचकारावं तसं हाताळतात. काही तुकडे निव्वळ प्रयोगवहीतल्या नोंदी आहेत आणि ते एकदाच ऐकावेत. तरीही संपूर्ण संच ऐकताना एक गोष्ट ठसते: इलेक्ट्रॉनिक संगीत भारतात नाइट क्लबच्या मागच्या दाराने आलं ही समजूत चुकीची आहे. ते आलं तेव्हा त्याला सामोरी गेलेली माणसं सुराचा विचार करणारी होती.

आता रॉककडे. गेल्या काही वर्षांतला सर्वांत थरारक गिटारवादक मला विचाराल तर मी नायजरच्या मदू मोक्तारचं नाव घेईन. सहाराच्या कडेच्या अगादेझ भागातला हा तुआरेग वादक डावखुरा आहे. त्याने पहिली गिटार स्वतः बनवली, लाकडाच्या तुकड्याची, आणि तारा लावल्या सायकलच्या ब्रेकच्या. २००८च्या सुमाराला त्याने नायजेरियातल्या सोकोतोला जाऊन काही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांत तालयंत्र होतं आणि गळ्यावर ऑटोट्यून चढवलेलं होतं. ही गाणी दुकानात आली नाहीत. ती मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून माणसामाणसांतून वाळवंटभर पसरली. ऑटोट्यूनचा जन्म १९९७चा, आणि ते घडवणारे अँडी हिल्डेब्रँड हे भूगर्भातलं तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचा अभ्यास केलेले तज्ज्ञ. त्याचं काम काय, तर गळा जरा इकडेतिकडे झाला की त्याला ओढून जवळच्या पट्टीवर आणून ठेवणं. म्हणजे पेटीवरचा जुना आक्षेप इथे थेट गळ्यात उतरवला गेला. पण ज्या गायकीत सूर सतत हेलकावतो तिच्यावर हे यंत्र चढवलं, की ते एका पट्टीवरून दुसरीवर धडपडत राहतं आणि त्या धडपडीतून विजेसारखी लखलखणारी एक हरकत तयार होते. यंत्र सूर सरळ करायला बसवलं होतं. वाळवंटातल्या गायकांनी त्यातून वेलांटी काढली.

मदू मोक्तारची ‘आफ्रिक व्हिक्टिम’ (२०२१) ही तबकडी आधी ऐकावी. तिच्या शीर्षकगीतात लय जसजशी चढते तसतशी गिटार बोलायची थांबते आणि ओरडू लागते. वारकरी भजनात शेवटचा गजर जसा टाळकऱ्यांच्या हातातून सुटून स्वतःच पळू लागतो, तशी ती सात-आठ मिनिटं पळते. रॉक म्हणजे गोंगाट आणि तेच ते, असं म्हणणाऱ्या वाचकाने ‘ज्ञानोबा-तुकाराम’च्या गजरात कितीदा तेच ते असतं आणि आपल्याला ते तेच ते का वाटत नाही, याचा विचार करावा. पुनरावृत्तीत काय हलतं आहे ते ऐकायचं असतं. २०२४च्या ‘फ्युनरल फॉर जस्टिस’मध्ये राग अधिक उघड आहे, फ्रान्सच्या वसाहतवादाविरुद्धचा आणि आपल्या भाषेच्या काळजीचा. तोच गाण्यांचा गुच्छ या चमूने २०२५मध्ये ‘टियर्स ऑफ इनजस्टिस’ म्हणून विजेशिवाय, साध्या वाद्यांवर पुन्हा सादर केला. दोन्ही पाठोपाठ ऐकले तर गाण्यातला राग कुठला आणि ॲम्प्लिफायरमधला राग कुठला हे वेगळं करून पाहता येतं, आणि असा योग क्वचित येतो. जाता जाता, २०१५मध्ये मदू मोक्तारला नायक करून एक चित्रपट निघाला, प्रिन्सच्या ‘पर्पल रेन’चा तमाशेक भाषेतला अवतार. जांभळ्या रंगाला त्या भाषेत शब्द नाही; म्हणून चित्रपटाच्या नावाचा अर्थ होतो ‘थोडा लाल मिसळलेल्या निळ्या रंगाचा पाऊस’. पट्ट्या नसलेल्या सुराला नाव द्यायची रीतही हीच आहे.

याच्या अगदी उलट टोकाला ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड हा चमू. २०१७मध्ये त्यांनी एका वर्षात पाच तबकड्या काढल्या. पहिली होती ‘फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना’. तिच्यासाठी गिटारच्या नेहमीच्या पडद्यांच्या मध्ये आणखी पडदे बसवून घेतले, सप्तकाचे बारांऐवजी चोवीस भाग केले. प्रेरणा तुर्की बाग्लामाची. बाग्लामाचे पडदे बांधलेले असतात, आपल्या सतारीसारखे ते सरकवता येतात. यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींना वजन आहे. पहिला असा, की ही परक्या संगीताची रंगरंगोटी आहे. दुसरा अधिक नेमका: चोवीस समान भाग ही काही मध्यपूर्वेची सुरावट नव्हे, ती फक्त बारीक केलेली जाळी आहे, तुर्की किंवा अरबी मकामातले सूर या चोवीस घरांतही बसत नाहीत. दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याच्यामुळेच पहिला आपोआप सैल होतो. कारण या तबकडीतली उत्तम गाणी ती, जी तुर्की वाटत नाहीत. ‘स्लीप ड्रिफ्टर’मध्ये पाव सुराचं अंतर इतकं सहज येतं की रॉकचा साधा ठेकाच किंचित तिरका झाल्यासारखा वाटतो, भिंतीवरची तसबीर बोटभर कलावी तसा. जिथे हा चमू पूर्वेच्या वासाने भारून जातो तिथे तो अडखळतो. जिथे तो आपलंच घर वाकवून पाहतो तिथे जिंकतो. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती वाजतील अशी पेटी घडवली, हे मराठी वाचकाला ठाऊक असेल. मेलबर्नची ती गिटार आणि ठाण्याची ही पेटी यांचे हेतू निराळे, दर्जा निराळा, पण खुपणारी गोष्ट एकच: ठोकून बसवलेली पट्टी.

सुराबद्दल इतकं बोलल्यावर तालाच्या घरांकडे वळायला हवं, कारण इलेक्ट्रॉनिक संगीतातली खरी कोंडी तिथे आहे. शिकागोजवळच्या गॅरी या पोलादाच्या गावातली जेरिलिन पॅटन ‘जेलिन’ या नावाने रचना करते. ती स्वतः पोलाद कारखान्यात काम करत असे, आणि तिचं संगीत निघालं शिकागोच्या ‘फुटवर्क’ या नाचातून, ज्यात मिनिटाला एकशे साठच्या आसपास ठोके असतात आणि नाचणाऱ्यांची पावलं एकमेकांशी जुगलबंदी करतात. तिची ‘ब्लॅक ओरिगामी’ (२०१७) आणि ‘अकोमा’ (२०२४) या दोन्ही तबकड्या तबला किंवा पखवाज ऐकलेल्या कानाला परक्या वाटू नयेत. चारच्या वजनात तीनची वजनं अशी भरलेली असतात की आडी लय मनात मोजत गेलो तर सापडते, आणि सापडली म्हणता म्हणता समेची जागा हातातून निसटते. इथे यंत्र सोडलेलं नाही, घरंही मोडलेली नाहीत. घरांची संख्या आणि वेग इतका वाढवला आहे की कानाला घरं दिसेनाशी होतात. ‘अकोमा’त ब्यर्क, क्रोनोस क्वार्टेट आणि फिलिप ग्लास यांच्यासारखी मोठी नावं आहेत, पण ऐकायचा तो तिचा ताल. मला ‘ब्लॅक ओरिगामी’ अधिक जवळची वाटते, तिच्यात मोठ्या पाहुण्यांसाठी आवरलेली बैठक नाही. अरुषी जैन या दिल्लीच्या, आता अमेरिकेत राहणाऱ्या कलावतीचं काम याच्या नेमकं उलट: ताल जवळजवळ नाही, मॉड्युलर सिंथेसायझरवर सूर ढगासारखे सरकतात. तिची ‘अंडर द लिलॅक स्काय’ (२०२१) सूर्यास्ताच्या वेळेसाठी रचलेली आहे आणि ‘डिलाइट’ (२०२४) बागेश्रीवर उभी आहे. रागाचा विस्तार शोधू नये. बागेश्रीचा दिवाणखाना रिकामा असताना त्यात जो उजेड पडतो, तो तिथे आहे.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत मोठा आक्षेप असा येईल, की यंत्राच्या आखणीत राहूनही थोर संगीत झालं आहे, मग भांडणाचं एवढं कौतुक कशाला. हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण या काळातली माझी सर्वांत आवडती तबकडी त्याच बाजूची आहे. फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे इंग्रज संगीतकार सॅम शेफर्ड, ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांची ‘प्रॉमिसेस’ (२०२१). शेहेचाळीस मिनिटांच्या या रचनेत सात सुरांची एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा येत राहते, अगदी पट्टीवर, अगदी घरात. पण ती आकृती तानपुऱ्याचं काम करते. तिच्यावर सँडर्स यांचा सॅक्सोफोन उतरतो, त्यात वाऱ्याचा आवाज आहे, थरथरणारा श्वास आहे, मध्येच वाद्य बाजूला ठेवून केलेली गळ्याची गुणगुण आहे. स्थिर जाळी खाली ठेवल्यामुळे वरचा सूर पट्टीपासून किती दूर जातो ते केसाइतकं स्पष्ट ऐकू येतं. २०२२मध्ये सँडर्स गेले. त्यांच्या आयुष्यातल्या अखेरच्या मोठ्या कामात यंत्राची आखणी शत्रू म्हणून येत नाही, ती मोजपट्टी म्हणून येते. तेव्हा माझं म्हणणं थोडं दुरुस्त करून असं मांडतो: आखणी मोडायलाच हवी असं नाही, पण आखणीच्या बाहेर काहीतरी आहे याची जाणीव तबकडीत असायला हवी. ती नसेल तर तांत्रिक सफाई कितीही असो, दुसऱ्यांदा ऐकण्याची ओढ लागत नाही.

यंत्र बनवणाऱ्यांनाही हे उमगू लागलं आहे. कोर्ग कंपनीच्या मोनोलॉग या छोट्या सिंथेसायझरवर प्रत्येक पट्टीचा सूर हवा तसा लावता येतो. ती सोय घडवताना एफेक्स ट्विन या नावाने वाजवणारे रिचर्ड जेम्स सल्लागार होते. इराकी-ब्रिटिश संगीतकार खय्याम अल्लामी यांनी २०२१मध्ये ‘लाइमा’ आणि ‘अपोटोम’ ही आज्ञावलींची जोडी फुकट खुली केली. ब्राउझर उघडायचा आणि आपल्या परंपरेचे सूर आपण लावायचे. बारा समान सूर हे निसर्गाचे नसून कारखान्याचे आहेत, ही त्यांची भूमिका आपल्याकडच्या पेटीवादापासून फार लांब नाही.

आणि असं भांडण आपल्या गल्लीतही चालूच आहे. १९१२मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं: तारा, आणि त्यांच्यावर टंकलेखन यंत्रासारखी बटणं. त्याच घराण्यातलं बुलबुलतरंग भारतात रुजलं, मुंबईत त्याला पिकअप आणि ॲम्प्लिफायर लागला, आणि ते झालं बेंजो. बाजूला कॅसिओ, ऑक्टोपॅडच्या आठ चौकोनांवर नाचणाऱ्या काठ्या, मागे ढोल आणि ताशा. लालबाग-परळच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी म्हणजे जपानी वाद्य, जपानी पॅड, विजेचा कर्कश आवाज आणि वर कोळीगीत. रॉक आणि इलेक्ट्रॉनिक या दोन्ही शब्दांना जो काही अर्थ आहे तो यात आहे. २०१६मध्ये रवी जाधवांनी ‘बँजो’ नावाचा चित्रपट केला, पण त्यातलं संगीत चित्रपटाचं होतं. खऱ्या पार्ट्यांचं वादन आज हळदीच्या आणि विसर्जनाच्या चित्रफितींत आहे, मोबाइलवर घेतलेलं, वाऱ्याने फाटलेलं, मोबाइलवरूनच पसरणारं, जशी मदू मोक्तारची पहिली गाणी वाळवंटात पसरली. तिथे एका परदेशी संग्राहकाने ती मेमरी कार्डं गोळा केली. चरणजित सिंग यांची तबकडी एका डच माणसाने उचलली. अहमदाबादच्या फिती लंडनहून आलेल्या कलावंताने काढल्या. तिन्ही वेळा आवाज सापडला कारण कुठेतरी वादकाचं नाव लिहिलेलं होतं, तबकडीच्या वेष्टनावर, फितीच्या डब्यावर, फाइलच्या शीर्षकात. बेंजो पार्टीच्या चित्रफितीखाली बहुतेक वेळा वराचं नाव असतं, मंडळाचं असतं, कॅमेरावाल्याचा मोबाइल नंबरही असतो. बेंजोवर बसलेल्या माणसाचं नाव तेवढं तिथे लिहायला हवं, आणि येत्या गणपतीत दोन चांगले मायक्रोफोन त्याच्या समोर ठेवायला हवेत.